जुन्या इलेक्ट्रिक गिटारची पारख

वापरलेली इलेक्ट्रिक गिटार विकत घेणारा बहुतेक ग्राहक आधी रंग पाहतो, मग कंपनीचे नाव आणि शेवटी किंमत. वाद्य वाजेल की नाही हे ज्यावर अवलंबून असते ती मान, ते पडदे आणि ती घोडी यांच्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत शिक्षणासाठी आलेली मुले शहर सोडताना गिटार विकतात, काही जण हौस ओसरल्यावर विकतात, तर काही वादक वरच्या दर्जाचे वाद्य घेण्यासाठी हातातले विकायला काढतात. त्यामुळे सामान्य घरातील शिकाऊ मुलालाही नव्या साध्या गिटारच्या पैशांत त्याहून सरस, पण वापरलेली गिटार मिळू शकते. मात्र अशा वाद्यातले सगळे दोष सारखे नसतात. काही दोष तासाभराच्या कामाने आणि किरकोळ खर्चाने जातात, तर काहींच्या दुरुस्तीला वाद्याच्या किमतीएवढा पैसा लागतो, आणि या दोहोंतला फरक ओळखता येणे हीच जुनी गिटार घेण्यातली खरी विद्या आहे.

वाद्याची घडण

साध्या, म्हणजे अकूस्टिक गिटारमध्ये तारेचे कंपन पोकळ लाकडी पेटीमुळे मोठे होते. प्रचलित इलेक्ट्रिक गिटारचे धड बहुधा भरीव असते आणि तिचा आवाज विजेच्या साहाय्याने मोठा केला जातो. तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे लहान चुंबकांभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले वेटोळे होय. पोलादी तार या चुंबकांवर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर, म्हणजेच वादकांच्या बोलीतला ॲम्प, तो प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकाला पुरवतो.

हे तत्त्व 1930 च्या दशकात अमेरिकेत मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारवर प्रथम रुजले आणि 1950 मध्ये लिओ फेंडर यांनी भरीव धडाची गिटार बाजारात आणली. फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय केलेले गृहस्थ असल्याने, बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता आला पाहिजे ही दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी त्यांच्या वाद्यातही उतरली आणि त्यांनी मान धडाला स्क्रूंनी जोडली. गिब्सन कंपनीने 1952 मध्ये आणलेल्या लेस पॉल गिटारची मान मात्र जुन्या वाद्यकारांच्या रीतीप्रमाणे सरसाने चिकटवलेली होती. आज बाजारात दिसणाऱ्या असंख्य गिटारी या दोनपैकी एका घराण्यातल्या असतात, आणि जुने वाद्य घेणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. कारण स्क्रूंची मान पूर्णपणे निकामी झाली तरी बदलता येते, चिकटवलेली मान बदलणे हे मात्र कसबी कारागिराचे आणि खर्चाचे काम असते.

मान आणि पडदे

सहा तारा सुरात लावलेल्या असताना मानेवर सुमारे 45 किलोचा ताण सतत पडत असतो. हा ताण पेलण्यासाठी मानेच्या आत एक लांब पोलादी सळई बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात आणि तिच्या टोकाचे नट फिरवून मानेचा बाक कमीजास्त करता येतो. मान अगदी सरळ असून चालत नाही, कारण कंप पावणाऱ्या तारेला मोकळीक मिळावी म्हणून तिला किंचित पुढचा बाक लागतो.

हा बाक कोणत्याही उपकरणाशिवाय तपासता येतो. गिटार वाजवण्याच्या स्थितीत धरून सर्वांत जाड तार डाव्या हाताने पहिल्या पडद्यावर दाबावी, तीच तार उजव्या हाताने मान धडाला मिळते तिथल्या पडद्यावर दाबावी आणि मधल्या, म्हणजे सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली किती फट उरते ते पाहावे. ताणलेली तार येथे सरळ पट्टीचे काम करते. ही फट साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एखादे व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असावी. फट अजिबात नसेल तर मान अगदी सरळ किंवा मागे गेलेली आहे आणि ती मिलिमीटरभर वा त्याहून अधिक असेल तर मान पुढे वाकलेली आहे. या दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने सुधारता येतात, परंतु त्यासाठी सळई चालू स्थितीत असणे आवश्यक असल्याने, नट पाव फेरा फिरवून दाखवण्याची विनंती विक्रेत्याला करण्यात संकोच बाळगू नये. नट पूर्ण आवळलेले असूनही मान वाकलेलीच असेल, किंवा माथ्याकडून मानेच्या कडेने नजर टाकल्यावर तिच्या दोन कडा एकमेकींना समांतर न दिसता मान पिळल्यासारखी दिसत असेल, तर ते वाद्य कितीही स्वस्त मिळत असले तरी सोडून द्यावे.

चिकटवलेल्या मानेच्या गिटारमध्ये आणखी एक जागा डोळ्यांखालून घालावी लागते. गिब्सन पद्धतीच्या गिटारचा खुंट्या बसवलेला माथा, ज्याला हेडस्टॉक म्हणतात, मागे कलता असतो आणि ट्रस रॉडच्या नटासाठी तिथेच लाकूड पोखरलेले असल्याने मानेचा तो भाग सर्वांत कमजोर राहतो. गिटार उभी ठेवलेली असताना पडली तर ती बहुधा याच ठिकाणी मोडते. माथ्याच्या मागील बाजूस तिरका प्रकाश टाकून, बोटाने चाचपून तेथे केसाएवढी रेघ किंवा वेगळ्या चकाकीचा रोगणाचा पट्टा आढळतो का हे पाहावे. नीट सांधलेली मान अनेक वर्षे टिकते, मात्र सांधलेल्या वाद्याची किंमत बरीच उतरते, आणि ही गोष्ट सौद्यापूर्वी उघड होणे ग्राहकाच्या हिताचे असते.

सतारीचे पडदे दोऱ्यांनी बांधलेले आणि सरकवता येण्याजोगे असतात. गिटारचे पडदे, म्हणजे फ्रेट, मानेत ठोकून पक्के केलेले असतात. वापराने तारांखाली त्यांना खाचा पडतात, विशेषतः बारीक तारांखालच्या पहिल्या काही पडद्यांना. खाचा उथळ असतील तर कारागीर सर्व पडदे घासून एका पातळीत आणतो, परंतु नव्या पडद्याची उंचीच मिलिमीटरच्या आसपास असल्याने ही घासणी पुन्हापुन्हा करता येत नाही आणि अखेरीस सगळे पडदे बदलावे लागतात. म्हणून प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. सतारीच्या किंवा तानपुऱ्याच्या घोडीवर तार हलके घासून निघणारी जवारी हे त्या वाद्यांचे वैभव असते, तर गिटारमध्ये पडद्याला तार घासून येणारी झणझण, जिला वादक बझ म्हणतात, दोष मानली जाते. ती सर्वत्र थोडीथोडी येत असेल तर तारांची उंची वाढवून जाते. एकाच जागी येत असेल तर तेथील पडदा वर आलेला किंवा शेजारचा झिजलेला असण्याचा संभव असतो.

सुरांची परीक्षा

बारावा पडदा तारेच्या जवळपास मध्यावर असतो. फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये नटापासून (येथे नट म्हणजे ट्रस रॉडचे नट नव्हे, तर माथ्यालगतची तारांची आधारपट्टी) घोडीपर्यंतचे मूळ अंतर 648 मिलिमीटर धरलेले असल्याने हा पडदा नटापासून 324 मिलिमीटरवर येतो, आणि तेथे दाबलेल्या तारेतून मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर निघावा अशी अपेक्षा असते. तार दाबल्याने ती किंचित ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून घोडीवरील प्रत्येक तारेचा आधार स्क्रूने थोडा मागे सरकवून ही चूक भरून काढतात. या जुळणीला इंटोनेशन म्हणतात. मोबाइलवरील ट्यूनर चालू करून आधी बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून स्वर काढावा आणि मग तीच तार दाबून वाजवावी. दोन शेजारच्या स्वरांमधील अंतराचे, म्हणजे अर्ध्या स्वराचे, शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. स्पर्शाने आणि दाबून काढलेल्या स्वरांत चार-पाच सेंटांचा फरक दिसला तर तो स्क्रूने जातो, परंतु आधार मागे सरकायला जागाच उरलेली नसताना दाबलेला स्वर चढाच राहत असेल तर घोडी किंवा मान चुकीच्या जागी बसवलेली असू शकते. गंजलेल्या तारांवर ही परीक्षा खोटी ठरते, म्हणून ग्राहकाने नव्या तारांचा एक संच स्वतः घेऊन जावा.

विजेचा भाग

विजेच्या भागातील बहुतेक दोष घाबरवणारे वाटतात, पण ते स्वस्तात जातात. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर धुळीमुळे असते आणि ती स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने जाते. केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर जॅकचे ढिले झालेले टाके पुन्हा डाग देऊन पक्के करता येतात. पिकअप जिवंत आहे की नाही हे वीजमिस्त्रीकडच्या साध्या मल्टिमीटरने कळते. गिटारला केबल जोडून, आवाजाचे बटण पूर्ण उघडे ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकावर रोध मोजला असता एका वेटोळ्याच्या पिकअपसाठी तो साधारण 5 ते 8 किलोओहम आणि दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी साधारण 7 ते 16 किलोओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तार तुटलेली आहे. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपला ही कसोटी लागू पडत नाही.

एका वेटोळ्याच्या पिकअपमधून येणारी बारीक गुणगुण हा बिघाड नव्हे. घरातील विजेच्या तारांचे 50 हर्ट्झचे क्षेत्र पिकअप पकडत असल्यामुळे ती येते. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये पेटंटसाठी नोंदवलेल्या हमबकर पिकअपमध्ये उलट्या जोडणीची दोन वेटोळी एकमेकांची गुणगुण मारून टाकतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर घोडीची अर्थिंगची जोडणी शाबूत आहे असे समजावे.

या जोडणीमागे वादकाच्या जिवाचा प्रश्न आहे. गिटारच्या तारा घोडी, केबल आणि ॲम्प यांच्यामार्फत घराच्या अर्थिंगला जोडल्या जातात. जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कसाबसा बसवलेला असेल, आणि अशा वेळी ॲम्पमध्ये बिघाड झाला, तर पूर्ण दाबाची वीज थेट वादकाच्या बोटांपर्यंत येऊ शकते. घरी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती 30 मिलिॲम्पियरला पोहोचताच पुरवठा तोडणारे उपकरण, बसवून घेणे आणि अर्थिंगची तपासणी करणे हा गिटार घेण्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. अमेरिकेतून आणलेला जुना ॲम्प 120 व्होल्टचा असतो आणि तो आपल्याकडील 230 व्होल्टवर थेट लावल्यास जळतो. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

हवा, नाव आणि कागद

महाराष्ट्राच्या हवामानाचा ठसा जुन्या वाद्यावर स्पष्ट उमटतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषते, मानेचा बाक बदलतो आणि खाऱ्या हवेने घोडीचे स्क्रू गंजून अडकतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात उलट मानेवरची पट्टी आकसते आणि पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात. बोचणारी टोके कानशीने घासून जातात, गंजून बसलेले स्क्रू मात्र अनेकदा संपूर्ण घोडी बदलायला लावतात.

माथ्यावरील नावावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण प्रसिद्ध कंपन्यांच्या हुबेहूब नकला सर्वत्र फिरतात आणि अनुक्रमांकही सहज छापता येतो. गिब्सनच्या माथ्यावरील ट्रस रॉडच्या झाकणाला सहसा दोन स्क्रू असतात, तर अनेक नकलांना तीन असतात. असे एकेक चिन्ह निर्णायक नसले तरी चार-पाच चिन्हे मिळून चित्र स्पष्ट करतात. फेंडरची स्क्वायर आणि गिब्सनची एपिफोन ही स्वस्त नाममुद्रेची वाद्ये मात्र नकली नव्हेत. ती त्याच कंपन्यांची अधिकृत वाद्ये आहेत आणि त्यांतली चांगली प्रत शिकाऊ वादकाला अनेक वर्षे पुरते.

विक्रेत्याकडे मूळ बिल मागावे. ते नसेल तर अनुक्रमांक, तारीख आणि सही असलेली लेखी पावती घ्यावी. चोरीची वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार गुन्हा आहे, आणि लेखी पावती प्रामाणिक ग्राहकाचे रक्षण करते. परदेशातून वाद्य आणणाऱ्यांनी लाकडाचीही चौकशी करावी. मानेच्या पट्टीसाठी जगभर वापरला जाणारा शिसव, जो आपल्या सह्याद्रीतही वाढतो, 2017 च्या आरंभी त्याच्या उरलेल्या सर्व जातभाईंसह साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आला. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, परंतु 1992 पासून सर्वांत कडक यादीत असलेल्या ब्राझिली शिसवाला ती लागू नाही.

या सर्व तपासणीला तासाभराहून अधिक वेळ लागत नाही. जो विक्रेता तो वेळ देत नाही त्याच्याकडून वाद्य घेऊ नये. जो देतो त्याच्याकडे आधी मान, मग पडदे, मग सूर, मग वीज आणि सर्वांत शेवटी रंग व नाव या क्रमाने पाहावे, शक्य असल्यास एखादा जाणता वादक बरोबर न्यावा आणि ठरवलेल्या रकमेतला काही भाग नव्या तारांसाठी व कारागिराकडून वाद्य लावून घेण्यासाठी राखून ठेवावा. नीट लागलेले वाद्य हातात आले तर शिकणाऱ्याचा सराव टिकतो. बोटांना छळणाऱ्या, बेसूर गिटारवर सुरू केलेले शिक्षण बहुधा लवकर सुटते आणि दोष वाद्याचा असताना शिकणाराच स्वतःला कमी लेखू लागतो. पालकांनी आणि शिक्षकांनी मुलाच्या हाती गिटार देण्यापूर्वी एवढी काळजी अवश्य घ्यावी.