कुणाशीच न जमणारं प्लॅस्टिक

फर्स्ट इयरला टायट्रेशन आपण सगळ्यांनीच केलंय. जुन्या ब्युरेटची तोटी काचेची असते. तिला ग्रीस लावावं लागतं, आणि कॉस्टिक सोडा आत राहिला तर ती अशी जाम बसते की लॅबमधल्या मामांशिवाय कुणालाच सुटत नाही. नव्या ब्युरेटची पांढरी तोटी मात्र बिनग्रीसची मजेत फिरते. ही तोटी, मॅग्नेटिक स्टररची पांढरी गोळी आणि हॉस्टेलच्या नळाच्या आट्यांवर प्लंबर गुंडाळतो ती टेप, ही तिन्ही एकाच घरची मंडळी. नाव पॉलिटेट्राफ्लोरोएथिलीन, लाडाने पीटीएफई. आपण सरसकट ‘टेफ्लॉन’ म्हणतो, पण ते ब्रँडचं नाव आहे. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे इंग्रजी शब्द येणारच, सांभाळून घ्या!)

याचा शोध अपघाताने लागला. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट हा तरुण केमिस्ट फ्रिजसाठी नवा गॅस शोधत होता. त्याने सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला तर गॅस येईना, पण वजन मात्र भरलेल्या सिलिंडरइतकंच! कापून पाहिलं तर आत मेणासारखी पांढरी पावडर. गॅसचं आपोआप पॉलिमर झालं होतं. पुढे मॅनहॅटन प्रोजेक्टमध्ये युरेनियम हेक्झाफ्लोराइड या महाखोडकर गॅससाठी सील आणि गॅस्केट हवे होते, तिथे ही पावडर कामी आली.

याचं रहस्य एकाच गोष्टीत आहे. कार्बन-फ्लोरीन बंध ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक, सुमारे ४८५ किलोज्यूल प्रति मोल. शिवाय फ्लोरीनचे अणू कार्बनच्या साखळीभोवती चिलखतासारखे बसतात. म्हणून अ‍ॅसिड, अल्कली, सॉल्व्हंट कुणाचीच डाळ शिजत नाही. काच खाणारं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडसुद्धा याच्या भांड्यात निमूट बसतं. वितळलेला सोडियम किंवा गरम फ्लोरीन असे मोजकेच शत्रू. वापर २६० अंश सेल्सियसपर्यंत चालतो.

पण गुण तेच दोष! ३२७ अंशांना वितळूनही पीटीएफई वाहत नाही, त्यामुळे इंजेक्शन मोल्डिंग विसरा. पावडर दाबून भट्टीत भाजावी लागते. म्हणून भावंडं आली. एफईपी आणि पीएफए वितळवून साच्यात घालता येतात. वायरचं इन्सुलेशन, पाइपचं अस्तर त्यांचंच. ईटीएफईच्या पारदर्शक पडद्यांनी २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचा ‘वॉटर क्यूब’ झाकला. पीव्हीडीएफ तर तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत इलेक्ट्रोडची पावडर धरून ठेवतं. मात्र पीव्हीडीएफला तीव्र अल्कली सोसत नाही. नावात फ्लोरीन आहे म्हणून कॉस्टिकच्या लाइनला बिनधास्त लावू नका.

मेकॅनिकलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बोल्टच्या दाबाखाली पीटीएफईचं गॅस्केट हळूहळू सरकतं, याला क्रीप म्हणतात. आज घट्ट वाटणारा फ्लँज काही दिवसांनी गळू शकतो. उपाय म्हणून त्यात ग्लास फायबर, कार्बन किंवा ब्राँझ मिसळतात. पण हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडच्या लाइनला ग्लास फायबरवालं गॅस्केट लावलं, तर अ‍ॅसिड आतली काच खाऊन टाकणार! नुसतं ‘टेफ्लॉन गॅस्केट द्या’ म्हणणं पुरेसं नाही, फिलर कोणता हे विचारायला हवं.

आता जरा सीरियस. पीटीएफई फार तापलं की विषारी धूर निघतो. त्याने काही तासांनी फ्लूसारखा ताप आणि थंडी भरते, त्याला ‘पॉलिमर फ्यूम फीवर’ म्हणतात. वर्कशॉपमध्ये याचा जॉब केल्यावर हात न धुता सिगरेट ओढली, तर बोटांवरचा कण जळत्या टोकाशी पोचतो आणि धूर थेट छातीत. म्हणून हात धुवा (सिगरेट सोडलीत तर उत्तमच). भुगा, तुकडे, टेप शेकोटीत टाकू नका आणि रूमवर लपवून ठेवलेल्या शेगडीवर नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका.

यापेक्षा मोठा प्रश्न कारखान्यामागचा आहे. पीटीएफई बनवताना अनेक वर्षं पीएफओए नावाचं रसायन वापरलं जायचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या प्लँटमधून ते आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. त्या खटल्यांपोटी २०१७ मध्ये ड्यूपाँट आणि केमर्स यांनी सुमारे ६७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदी-यादीत पीएफओए आलं आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कॅन्सर करणारं ठरवलं. तोटीचं प्लॅस्टिक आणि हे रसायन एक नव्हे, पण दोघांच्या चिवटपणाचं कारण तोच कार्बन-फ्लोरीन बंध. जे अ‍ॅसिडला दाद देत नाही, ते मातीतल्या बॅक्टेरियालाही देत नाही.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही डिझाइन इंजिनियर व्हाल तेव्हा हे मटेरियल जरूर निवडा, पण जिथे दुसरं काहीच टिकत नाही तिथेच. कारण आपण निवडलेली वस्तू आपल्या मशीनपेक्षा, कदाचित आपल्यापेक्षाही, जास्त जगणार आहे.