न भुंकलेला कुत्रा

थंडी पडली की लोकांना हुरड्याची आठवण होते, तिळाच्या वड्यांची होते. मला होते ती रहस्यकथांची. हे काही फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही, पण आता या वयात लपवायचं तरी कुणापासून? आमच्या वाईला डोंगर जवळ असल्यामुळं हिवाळ्यात ऊन लवकर काढता पाय घेतं. साडेपाच-सहाला दिवेलागण, सातला दारं-खिडक्या बंद. मग रजई, उशाशी दिवा आणि हातात एखादं खुनाचं पुस्तक, यापरतं सुख मला ठाऊक नाही.

ही सवय लागली शाळेत असताना. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं तेव्हा भाड्यानं मिळत. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली गेलेल्या या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी आमच्या घरातल्या काका-मामांइतकीच ओळखीची होती. भाड्याच्या पुस्तकात एक मोठी अडचण असे. इतक्या हातांतून फिरून आलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान हमखास गायब! मग गुन्हेगार कोण, हे आम्ही बहिणी रजईत कुजबुजत आपापल्या बुद्धीनं ठरवायचो. आज वाटतं, खरं शिक्षण त्या फाटक्या पानानंच झालं. लेखकानं मागं काय काय पेरून ठेवलं होतं, हे आठवून पाहावं लागायचं.

पुढं शेरलॉक होम्स भेटला. त्याची 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा डिसेंबर १८९२ मध्ये लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात आली. शर्यतीचा एक नामांकित घोडा रात्रीतून तबेल्यातून नाहीसा होतो. तबेल्यात कुत्रा आहे, पण त्या रात्री तो भुंकलेला नाही. सगळे लोक काय घडलं ते शोधत असतात आणि होम्सचं लक्ष जातं ते जे घडायला हवं होतं पण घडलं नाही त्याच्याकडं. ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी पुढचं सांगत नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्या माणसाला मी घरात चहा देत नाही.

ही कथा मी निदान दहा वेळा वाचली असेल. आणि तरीही माझ्याच घरात तेच घडत असताना मला ते दिसलं नाही. आज सांगायचं आहे ते हेच.

आमच्याकडं बंड्या नावाचा कुत्रा आहे. जात विचाराल तर अस्सल गावठी. एका पावसाळ्यात ह्यांनी रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. त्याचा आणि पेपरवाल्या मुलाचा जन्मजात दावा. मुलगा सायकलवरून फाटकाशी आला की बंड्या घर डोक्यावर घ्यायचा आणि तो बिचारा पेपर लांबूनच भिरकावून पळायचा. पेपर कधी तुळशीत, कधी कुंडीत. मग २०२३ च्या पावसाळ्यानंतर केव्हातरी पेपर नीट पायरीवर मिळू लागला. बंड्या भुंकेनासा झाला होता. आम्ही म्हटलं, बारा वर्षांचा झाला, शहाणपण आलं. ह्यांनी तर त्याचं कौतुकही केलं.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू पुण्याहून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या ओसरीवर उन्हात झोपला होता. नातू मागून आला आणि लाडानं त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बंड्या दचकून वळला आणि मुलाच्या मनगटाला दात लागला. रक्त आलं. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि तडक दवाखाना गाठला. बंड्याला दर वर्षी लस दिलेली असते, तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानं मुलाला इंजेक्शनं सुरू केली. यात हयगय करू नये, हे जाता जाता सांगून ठेवते.

संध्याकाळी घरात जी शांतता पसरली ती अजून आठवते. सूनबाई डोळे पुसत म्हणाली, "आई, त्याच्यावर माझा राग नाही, पण आता भरवसा कसा ठेवायचा?" मुलगा म्हणाला, "त्याचं डोकं फिरलंय. कुणाच्या तरी शेतावर सोडून येऊ." ह्यांनी मान खाली घातली. बोलण्यासारखं माझ्याकडंही काही नव्हतं. मूल ते मूल.

रात्री पुस्तक उघडलं, पण ओळी नुसत्या डोळ्यांखालून जात होत्या. हा कुत्रा बारा वर्षांत कुणाला चावला नाही. मग आजच का? आणि एकदम पेपर आठवला. पायरीवर नीट ठेवलेला पेपर. मग एकेक आठवत गेलं. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कॉटखाली शिरणारा बंड्या या वर्षी दारात पसरला होता. हाक मारली तर हल्ली यायचा नाही आणि आम्ही म्हणायचो, हट्टी झालाय. सगळे पुरावे समोर होते. आम्ही त्यांना वेगळी नावं देऊन मोकळे झालो होतो.

पहाटे उठले. बंड्या झोपलेला होता. लांबून टाळ्या वाजवल्या, स्टीलचं ताट फरशीवर आपटायच्या ऐवजी हातात धरून डावानं बडवलं. सगळं घर जागं झालं, बंड्याचा कान हलला नाही. मग फरशीवर टाच जोरात आपटली. त्यानं लगेच मान वर केली. हादरा त्याला कळला होता, आवाज नाही. दोन दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. म्हातारपणामुळं आलेला बहिरेपणा.

त्यांनी समजावलेली गोष्ट मोलाची होती. कुत्र्याचं ऐकणं हळूहळू कमी होतं आणि ते भरून काढायला त्याच्याकडं डोळे असतात, नाक असतं, जमिनीचे हादरे असतात. घरातलं दुसरं कुत्रं उठलं की हेही उठतं. त्यामुळं घरच्यांना महिनोन् महिने पत्ता लागत नाही. झोपेत मात्र यातलं काही उपयोगी पडत नाही. अचानक स्पर्श झाला की ते घाबरतं, आणि घाबरलेलं जनावर दात दाखवतं. म्हणून अशा कुत्र्याला समोरून जावं, जमिनीवर पाय आपटून जागं करावं, हातांच्या खुणा शिकवाव्यात आणि लहान मुलांजवळ त्याला एकटं सोडू नये. बंड्या तीन आठवड्यांत चार खुणा शिकला. 'म्हाताऱ्या कुत्र्याला काय शिकवणार' म्हणणाऱ्यांनी येऊन पाहावं.

त्याचं नाक मात्र शाबूत आहे. हिवाळ्याच्या सकाळी आम्ही दोघं कृष्णेच्या घाटाकडं निघतो. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, गवताची पाती गार पडतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते. ढग असले की ते पांघरुणासारखे ऊब अडवतात, म्हणून ढगाळ रात्रीनंतर दव कमी. अशा दवात चालून गेलेल्याची वाट चंदेरी गवतावर गडद हिरवी उमटते. होम्सनं एका कथेत बर्फावरच्या पाऊलखुणांवरून चोरी उलगडली. आमच्याकडं बर्फ नाही, पण दवावर भागतं. माझी वाट सरळ, बंड्याची शंभर वळणांची.

तो रेंगाळतो तेव्हा पूर्वी मी साखळी ओढायची. आता थांबते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या काही कोटींच्या घरात. उच्छ्वास तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून सोडतो, म्हणजे पुढ्यातला वास उडून जात नाही. ओलसर, वारा नसलेल्या हवेत वास जमिनीलगत टिकूनही राहतो. थोडक्यात, पहाटेचा रस्ता म्हणजे त्याची रहस्यकथा. रात्री कोण आलं, कुठून आलं, कुठं वळलं, सगळं त्यात लिहिलेलं. मी तरी कुठं शेवटच्या पानाआधी पुस्तक हातातून सोडते?

तो वास घेत असतो तेव्हा मी धोबी पक्षी पाहते. पावसाळा सरता सरता हे पाहुणे उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा लागला की परततात. घाटाच्या ओल्या दगडांवर शेपटी खालीवर हलवत तुरुतुरु पळतात. ती शेपटी का हलते? 'मी सावध आहे, माझ्या नादी लागू नकोस,' असा तो शिकाऱ्याला इशारा असावा, असा एक अंदाज आहे. बंड्या त्यांच्याकडं ढुंकून बघत नाही. त्यांनाही ते कळलेलं दिसतं. तो दोन हातांवर असला तरी उडत नाहीत.

त्याला आता चौदावं वर्ष चालू आहे. संध्याकाळी मी वाचायला बसले की माझ्या पावलाला पाठ टेकून झोपतो, म्हणजे मी उठले की त्याला कळतं. नातू सुट्टीला येतो तेव्हा ओसरीच्या उंबऱ्यावर थांबून दोनदा टाच आपटतो आणि बंड्यानं मान वर केली की मगच समोर जाऊन बसतो. पेपरवाला मुलगा अजूनही सवयीनं फाटकाशी क्षणभर थबकतो, आत डोकावून बघतो आणि मग पायरीपर्यंत येतो.