कवडशातली धूळ आणि सोन्याचे पाणी

मी कलाशाखेचा विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा, हे आधीच कबूल करतो. पण आमच्या कौलारू घरात सकाळी कवडसा पडतो आणि त्यात नाचणारी धूळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एरवी न दिसणारा कण उजेड विखुरतो म्हणून दिसतो, एवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी कॉलेजच्या सहलीत एका प्रयोगशाळेत सोन्याच्या कणांचे पाणी पाहिले. रंग माणकासारखा लाल! कण सुमारे २० नॅनोमीटरचे; असे ५०,००० कण ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. प्रकाशाच्या लहरीच ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या, तेव्हा साध्या सूक्ष्मदर्शकाचे येथे काम नाही. म्हणून कण मोजतात तो उजेडाच्या लुकलुकण्यावरून. पाण्यात लेसरचा किरण सोडतात आणि विखुरलेला उजेड टिपतात. पाण्याचे रेणू कणांना सारखे ढकलत असतात, त्यामुळे तो उजेड क्षणोक्षणी कमीजास्त होतो. लहान कण चपळ, म्हणून लुकलुकणे जलद, मोठ्याचे सावकाश. त्यावरून आकार काढायचे सूत्र आइनस्टाइनच्या १९०५ सालच्या कामातून आले. त्यात पाण्याचे तापमान अचूक लागते. ३० अंशांचे पाणी चुकून २० अंशांचे धरले, तर १०० नॅनोमीटरचा कण ७७ च्या आसपास भरतो.

आमच्यासमोर पहिले उत्तर आले ते ३०० च्या वर. प्रयोग दाखविणाऱ्या ताई म्हणाल्या, "धूळ शिरली," आणि पुन्हा तयारीला लागल्या. मला ते खटकले. धीर करून विचारले, "नको ते उत्तर आले म्हणून टाकून द्यायचे का?" मुले हसली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी सोने न घातलेले तेच पाणी यंत्रात ठेवले. त्यातही मोठे कण! मग समजावले : इतक्या लहान कणांचा व्यास दहापट झाला, की विखुरलेला उजेड जवळजवळ दहा लाख पट होतो. त्यामुळे थोडीशी धूळ असंख्य बारीक कणांना झाकून टाकते.

नंतर त्यांनी पाणी २०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळले, नुसते पाणी पुन्हा तपासले आणि मग त्यात सोने घातले. उत्तर आले २४. वरचे चार कुठले? कणाला चिकटलेला थर त्याच्याबरोबरच फिरतो, म्हणून तोही मोजला जातो.

निघताना मी त्यांच्या वहीत डोकावलो. पहिला आकडा खोडलेला नव्हता. त्याच्यापुढे 'धूळ' एवढेच लिहिले होते आणि खाली नुसत्या पाण्याचा आकडा.