वीज तोडण्याचा संदेश आणि गप्प बसणारा ग्राहक

मागील बिल जमा दिसत नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब या मोबाईलवर अधिकाऱ्याशी बोला, अशा आशयाचे संदेश 2022 साली पुण्यासह राज्यभर फिरले. ते खोटे असल्याचा खुलासा महावितरणने वारंवार केला. तरीही लोक फसले. कारण संदेश खोटा असला तरी अंधाराची भीती खरी असते. एकदा ज्याच्या घरचा मीटर काढून नेला, तो संदेशातल्या चुका तपासत बसत नाही.

म्हणून कायदा माहीत हवा. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. ‘आज रात्री’ म्हणणारा संदेश तिथेच उघडा पडतो. महावितरणच्या अधिकृत संदेशात प्रेषक म्हणून ‘एमएसईडीसीएल’ असे नाव येते, कोणा साहेबाचा खासगी मोबाईल नंबर नसतो. शंका आल्यास 1912 वर विचारावे.

पुढची युक्तीही ठरलेली. फोनवरचा ‘अधिकारी’ एक अ‍ॅप घ्यायला सांगतो आणि फक्त 10 रुपये भरायला लावतो. त्या अ‍ॅपमुळे आपला पडदा त्याला दिसतो. पासवर्ड दिसतो, ओटीपी दिसतो आणि खाते रिकामे होते. संदेश बँकेच्या केवायसीचा असो वा वाहतुकीच्या दंडाचा, घाई, धाक आणि अनोळखी लिंक किंवा नंबर ही खूण सगळीकडे सारखीच.

फसल्यावर काय? तत्काळ 1930 वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवून दिले की, ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

आणि गप्प कोण बसतो? पुण्याच्या बुधवार पेठेकडे पाहा. दगडूशेठचा गणपती, अप्पा बळवंत चौकातली पुस्तके, तपकीर गल्लीतली विजेच्या सामानाची दुकाने आणि त्यांच्याच पाठीशी देहविक्रय करणाऱ्या महिलांची वस्ती. 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या महिलांना आधार कार्ड देण्याचे आणि पोलिसांनी त्यांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश दिले. आधारने बँकेचे दार उघडते, पण खात्याबरोबर भामट्याचा संदेशही येतो. फरासखाना पोलीस ठाणे याच पेठेत आहे. तरी ज्या बाईला आयुष्यभर ठाण्याचा धाकच वाटत आला, ती तक्रार द्यायला जाईल काय? भामट्याचे भांडवल नेमके हे मौन आहे.

हे मौन मोडता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, हद्द कोणतीही असो, पोलिसांनी नोंदवून घेतलीच पाहिजे. पुण्यातील एका उद्योजकाने फसव्या ई-मेलला उत्तर दिल्याने त्याचे 80 लाखांहून अधिक रुपये गेले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निवाडा करणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याने 2013 साली बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्याची चूक होती, तरी बँकेची जबाबदारी संपली नाही.

उद्योजकाला वकील मिळतो. हातगाडीवाल्याला, मोलकरणीला, बुधवार पेठेतल्या बाईला कोण मिळणार? शिकलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. बचत गटाच्या बैठकीत 1930 हा आकडा पाठ करून घ्यावा आणि फसलेल्या माणसाला ‘तू मूर्ख कसा?’ असे न विचारता त्याच्याबरोबर ठाण्याची पायरी चढावी.