तीस मैलांची छावणी

१६९५ साली इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी कृष्णाकाठी गलगले इथे औरंगजेबाच्या छावणीत पोचला. त्याने लिहून ठेवलेले आकडे असे: ६०,००० घोडेस्वार, १ लाख पायदळ, ५०,००० उंट, ३,००० हत्ती, २५० बाजार. बाजारबुणगे धरून ५ लाख माणसं आणि छावणीचा घेर ३० मैल!

यातलं निम्मं सोडून दिलं तरी छाती दडपते. हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरला, तर ३,००० हत्तींना रोज साडेचार लाख किलो वैरण लागणार. ती येणार आसपासच्या शिवारातून, कुणब्याच्या गंजीतून. मोगलाई कशी बुडाली याची कारणं अनेक सांगतात. मला वाटतं, तिचं ओझं तिलाच पेललं नाही, आणि हे दख्खनमध्ये मोजून दाखवता येतं.

१५२६ साली बाबर पानिपतावर आला तो नोकरचाकर धरून १२,००० माणसं घेऊन. १६४७ च्या सुमारास शाहजहानच्या मुलखाची आकारणी ८८० कोटी दामांवर गेली होती. ४० दामांचा रुपया, म्हणजे २२ कोटी रुपये. असल्या दौलतीचा धनी औरंगजेब १६८२ मध्ये औरंगाबादेत उतरला, तो १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरेपर्यंत उत्तरेत परतलाच नाही. दख्खनच्या या मोहिमेत वर्षाला लाखभर माणसं आणि तीन लाख जनावरं मरतात, असं इटालियन प्रवासी मनुची लिहितो.

मराठ्यांच्या विशाळगडाचंच बघा. सहा महिने वेढा घालूनही गड पडेना. शेवटी १७०२ च्या जूनमध्ये पैसे मोजून तो घेतला. तोवर सह्याद्रीत पाऊस कोसळू लागला होता. तिथून पन्हाळा जेमतेम ३० मैल. चिखल तुडवत, भरलेले ओढे ओलांडत बादशाही फौजेला ते अंतर कापायला ३८ दिवस लागले. दिवसाला दीड किलोमीटरसुद्धा नाही!

किल्ले असे विकत घ्यायचे, सरदार मनसबी, म्हणजे दरबारी हुद्दे, देऊन फोडायचे. हजारी आणि त्यावरचे मनसबदार औरंगजेबाच्या पहिल्या वीस वर्षांत ४८६ होते, पुढच्या काळात ५७५ झाले. त्यांतले मराठे २७ वरून ९६ वर गेले. मनसब कागदावर मिळे, पण तिच्या बदल्यात द्यायला जहागीर उरली नव्हती. दख्खनच्या उजाड गावांतून वसूल तरी काय होणार?

मग घसरण झपाट्याने झाली. १७१९ या एका वर्षात दिल्लीच्या तख्ताने चार बादशहा पाहिले. त्याच वर्षी मराठ्यांचा पेशवा बाळाजी विश्वनाथ दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतला. वीस वर्षांनी नादिरशहाने दिल्ली एवढी लुटली, की इराणात तीन वर्षं करमाफी देता आली.

शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला ईस्ट इंडिया कंपनीकडून महिन्याला १ लाख रुपये पेन्शन होती. वर्षाचे १२ लाख. शाहजहानच्या आकारणीने अवघ्या दोन दिवसांचा महसूल. १८५७ नंतर तीही बंद झाली आणि त्याला रंगूनला धाडलं.