सेल्बूचं आठ पाकळ्यांचं फूल

नॉर्वेचा हातमोजा विणायला पाच सुया लागतात. चार सुयांवर टाके वाटून घेतलेले असतात आणि पाचवी विणत पुढे जाते. एक सुई रिकामी झाली की पुढच्या सुईवरचे टाके तिनं विणायचे. सुयांना दोन्हीकडे टोक असतं, त्यामुळे काम गोल गोल फिरत राहतं, उलटावं लागत नाही. ट्रॉन्हाइमला शेजारणीच्या स्वयंपाकघरात मी हे पहिल्यांदा जवळून पाहिलं, तेव्हा माझी नजर तिच्या डाव्या तर्जनीवर खिळली. काळा आणि पांढरा, दोन्ही धागे त्या एकाच बोटावर शेजारी शेजारी ताणून धरलेले होते आणि उजव्या हातातली सुई हवा तो धागा टिपून घेत होती. आपल्याकडे बहुतेक जणी लोकर उजव्या हातात धरतात आणि दर टाक्याला सुईवर वेढा देतात. मीही आईकडून तसंच शिकले. बाळाचं टोपरं, पायमोजे, दोन सुलट, दोन उलट. शेजारणीचे हात मात्र जवळजवळ स्थिर असतात, हलतं ते फक्त सुईचं टोक. मी शेवटी मधला मार्ग काढला: काळा धागा डाव्या हातात, पांढरा उजव्या. तिला ते पसंत पडलं. कापड सारखं येतंय ना, मग हात कसेही चालोत, असं तिचं म्हणणं.

ती विणते ते सेल्बूचे हातमोजे. सेल्बू हा ट्रॉन्हाइमहून तासाभराच्या अंतरावरचा, मोठ्या सरोवराकाठचा परिसर. तिथल्या डोंगरांतून शतकानुशतकं जात्यांचे दगड काढले जात आणि ते नॉर्वेभर जात. पुढे पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि तो धंदा बसला. घरात रोख पैसा आणायला दुसरं काहीतरी हवं होतं, आणि तोवर सेल्बूच्या बायकांच्या हातात एक नक्षी तयार होती.

तिची सुरुवात 1857 सालची सांगतात. मारित गुल्सेटब्रुआ, म्हणजे पुढची मारित एमस्ता, तेव्हा सोळा वर्षांची होती. तिनं आठ पाकळ्यांचं फूल असलेले काळे-पांढरे हातमोजे विणले, आणि ती व तिच्या बहिणी ते घालून चर्चला गेल्या. लोकांनी पाहिलं, बायकांनी घरी जाऊन विणायला घेतलं, आणि थोड्याच वर्षांत ते फूल सेल्बूचं होऊन गेलं. आज तिथल्या नगरपालिकेच्या मानचिन्हावरही तीच फुलं आहेत. हे फूल मारितनं शोधून काढलं असं नव्हे. आठ टोकांची ही आकृती सोळाव्या शतकात जर्मनीत छापलेल्या भरतकामाच्या नमुना-पुस्तकांत आहे, आणि त्याआधीही कितीतरी देशांच्या कापडांवर होती. आपल्याकडे दोसुतीवर फुल्यांचं भरतकाम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. मारितनं ती दोन रंगांत, लोकरीत, हाताच्या पंजाच्या मापात बसवली. ते काम लहान नव्हतं, हे विणायला बसल्यावर कळतं.

एका फेरीत दोन रंग असतात तेव्हा जो रंग त्या क्षणी वापरात नसतो, तो मागून सैल वाहत जातो. मोजा उलटा करून पाहिला की हे आडवे धागे ओळीनं दिसतात. ते फार लांब राहिले तर बोटं आणि अंगठ्या त्यांत अडकतात. फार ताणले तर कापड आवळतं आणि मोजा हातात जात नाही. म्हणून चांगल्या नक्षीत एका रंगाचे सलग टाके चार-पाचांच्या फारसे पुढे जात नाहीत. आता फुलाकडे पुन्हा पाहावं. प्रत्येक पाकळी तिरकी उतरते, मधली जागा हळूहळू रुंदावते आणि ती फार रुंद होण्याआधीच दुसरी पाकळी किंवा एखादा लहान ठिपका येऊन धागा पकडतो. मोकळ्या जागेत पेरलेले ते ठिपके मी बरेच दिवस शोभेचे समजत होते. खरं तर ते मागच्या धाग्याला टाचून ठेवतात. सेटेसडाल खोऱ्यातल्या काळ्या स्वेटरवर पांढऱ्या ठिपक्यांची जी पखरण असते, तिचंही काम हेच.

आणि मागून वाहणारा हा धागा वाया जात नाही. त्यानं कापडाला आतून दुसरा थर मिळतो, दोन थरांमध्ये हवा अडते आणि हात ऊबदार राहतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. बर्फात लाकडं वाहणाऱ्या माणसाला एकेरी मोजा पुरत नाही, दुहेरी लागतो. म्हणजे ऊब हवी म्हणून दोन धागे, आणि दोन धागे आले म्हणून नक्षी. नॉर्डिक विणकामाचं जगभर कौतुक होतं ते बहुतेक वेळा त्याच्या दिसण्याचं. मला मात्र खात्रीनं वाटतं की ते टिकलं आहे ते या बांधणीमुळे. त्यातली रेघ अन् रेघ कामाला लागलेली आहे. नुसती सजावट असती तर ती एक-दोन पिढ्यांत कंटाळवाणी झाली असती.

तळहाताची बाजू हे याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. पंजाच्या पाठीवर मोठी फुलं असतात, पण तळहातावर बारीक, एकसारखी जाळी. एक काळा, एक पांढरा, पुढच्या फेरीत जागा बदलून. तिथे मागचे धागे सर्वांत आखूड असतात, म्हणून कापड सर्वांत घट्ट, आणि फावडं, दोर, लगाम सगळं धरायचं ते याच बाजूनं. दोन्ही बाजूंच्या मधून एक अरुंद उभी पट्टी वर जाते. करंगळीच्या टोकापाशी आलं की त्या पट्टीच्या दोन्ही कडांना दर फेरीत टाके कमी करायचे, मग मोजा आपोआप टोकदार होत मिटतो. फुलांची नक्षी मध्येच कापली जाते, पट्टी मात्र अखंड टोकापर्यंत पोहोचते.

अंगठ्याची युक्ती मला पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. त्याच्या जागी तेवढे टाके कुठल्याशा भलत्या रंगाच्या उरलेल्या धाग्यानं विणायचे, ते परत डाव्या सुईवर सरकवायचे आणि त्यावरून नक्षी काही घडलंच नाही अशी पुढे न्यायची. मोजा पूर्ण झाला की तो धागा टाका-टाका करून उसवायचा. खालची आणि वरची अशा टाक्यांच्या दोन रांगा उघड्या पडतात, त्या सुयांवर घेऊन अंगठा गोल विणायचा. अंगठ्याची जाळी तळहाताच्या जाळीशी ओळीनं जुळवलेली असते, म्हणून मोजा टेबलावर सपाट ठेवला की अंगठा नक्षीत मिसळून जातो.

आणखी एक बारकावा शेजारणीनं शब्दांत सांगितला नाही, बोटांनी दाखवला. मागच्या बाजूला जो धागा खालून येतो, त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि उठून दिसतात. म्हणून फुलाचा धागा कायम खालून, जमिनीचा कायम वरून. हा क्रम सगळ्या मोज्यात एकच ठेवला की फूल कापडावर उचलून ठेवल्यासारखं दिसतं. मोजा कोमट पाण्यात भिजवून वाळवला की टाकेही एकमेकांत नीट बसतात.

नॉर्वेत दुसऱ्याही प्रसिद्ध नक्ष्या आहेत. ऊन सोइलान या विणकाम-कलावतीनं 1953 मध्ये सेटेसडालच्या नक्षीवरून लाल-पांढरा-निळा मारियुस स्वेटर रचला, तो देशभर घरोघरी विणला गेला. आइसलँडच्या लोपापेसा स्वेटरचं गळ्याभोवतीचं वर्तुळ तर विसाव्या शतकाच्या मध्यातलं. ‘परंपरा’ म्हणून आपण जे पाहतो, त्यातलं बरंचसं आपल्या आजीच्या वयाचं आहे, आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. सेल्बूतही मोजे बाजारासाठी विणले जाऊ लागल्यावरच नक्ष्या वाढल्या. 1934 मध्ये तिथे विक्रीसाठी स्वतःचं हस्तोद्योग केंद्र उभं राहिलं. ज्या हाताला दर आठवड्याला जोड द्यायचा असतो, तो हात नवीन फूल शोधतोच. आन्ने बोर्डस्गोर यांनी जुने हातमोजे पाहून 2016 मध्ये पुस्तक केलं, त्यात पाचशेहून अधिक आलेख आहेत. फुलं, पानं, हरणं, कोळी, नाचणारी माणसं. मूळची कल्पना एकच, पण ती इतक्या हातांतून गेली आहे की पुस्तक चाळताना एकेका बाईचा स्वभाव दिसू लागतो. कुणी पाकळीत चौकट ठेवली, कुणी मधला चौकोन पोकळ सोडला, कुणी मनगटाच्या पट्टीत आद्याक्षरं आणि साल घातलं.

बायकांच्या मोज्याचं मनगट वेगळं आणि पुरुषांचं वेगळं. पूर्वी लग्नात नवरीकडून पाहुण्यांना हातमोजे दिले जायचे, तेव्हा हा फरक कामाला यायचा. शेजारणीचं पुस्तक कपाटातच असतं. ती जुना मोजा मांडीवर ठेवते आणि त्यावरून टाके मोजत विणते. पहिला मोजा झाला, आता दुसरा. त्यात अंगठा दुसऱ्या बाजूला जातो, बाकी सगळं तेच.