जागा मिळेल, पण गिऱ्हाईक मिळेल काय?

मुंबईतील महंमद अली रोड, भेंडी बाजार, डोंगरी, नळ बाजार, मदनपुरा या भागांत ज्यांचे दुकान किंवा कारखाना आहे, त्यांच्या अडचणींची यादी सर्वांना पाठ आहे. इमारत जुनी झाली आहे. भाडेपावती अजून आजोबांच्या नावाने फाटते. माल उतरवायला टेम्पो उभा राहत नाही, पाणी अवेळी येते, कारागीर पोटमाळ्यावर झोपतो आणि विजेच्या वायरी जिन्यात लोंबतात. यांतील प्रत्येक तक्रार आपण वेगळ्या दारी नेतो. इमारतीसाठी म्हाडा, पाण्यासाठी महानगरपालिका, टेम्पोसाठी वाहतूक पोलीस आणि पावतीसाठी घरमालक. वस्तुस्थिती अशी आहे की, हे सारे एकाच गाठीचे पदर आहेत. एक पदर ओढला की दुसरा आवळला जातो. पुनर्विकासाचा कागद सहीसाठी दारात येतो, तेव्हा ही गाठ न ओळखता सही करणे व्यापाऱ्याला फार महागात पडू शकते. म्हणून या विषयाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

भाडे गोठले, इमारत खचली

गाठीची सुरुवात एका चांगल्या हेतूच्या कायद्यापासून झाली. महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, भाडेकरूंची पिळवणूक होऊ नये म्हणून १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, त्याच पातळीवर जुन्या जागांचे भाडे बांधले गेले. पुढे महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले. घरमालकाने डागडुजीतून अंग काढून घेतले. १९६९ साली सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन केले आणि शहर भागातील सुमारे १९ हजार जुन्या इमारतींवर सेस बसवला. पण इमारती इतक्या आणि दुरुस्तीचा पैसा इतका तुटपुंजा की, टेकू लावलेल्या इमारती हीच या भागाची ओळख होऊन बसली.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. याच गोठलेल्या भाड्यामुळे अत्तर, टोप्या, किताबे, जुने सुटे भाग विकणारा लहान दुकानदार शहराच्या ऐन बाजारात टिकून राहिला. बाजारभावाने भाडे द्यावे लागले असते, तर तो केव्हाच उठून गेला असता. म्हणजे ज्या कायद्याने इमारत पोखरली, त्याच कायद्याने रोजी सांभाळली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता न्याय्य राहिली नसल्याचे म्हटले. नंतर १९९९ चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढ आणि पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली. परंतु मूळ भाडेच इतके कमी होते की, या वाढीने घरमालकाच्या हातात दुरुस्तीपुरताही पैसा आला नाही.

हुसैनी इमारतीचा धडा

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली. बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. ३३ माणसे गेली. इमारत शंभर वर्षांहून जुनी होती, पुनर्विकासात घेतलेली होती, त्यातील काही कुटुंबे आधीच हलवण्यात आली होती आणि काही राहत होती.

अशी दुर्घटना झाली की बाहेरचे लोक विचारतात, धोका दिसत असताना माणसे राहतात तरी कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला या भागाचा व्यवहार माहीत नसतो. येथे खाली दुकान, वर घर, मागे कारखाना आणि कोपऱ्यावर मशीद व मदरसा. दुपारचा डबा वरून येतो, घरातील बाई शिलाई किंवा मणीकाम करून हातभार लावते, ओळखीवर माल उधार मिळतो आणि ओळखीवरच विकला जातो. यातून केवळ घर उचलून दहा-पंधरा मैलांवर नेले, तर माणूस सुरक्षित होतो, पण त्याची रोजी उघड्यावर पडते. म्हणून तो छताच्या भेगेकडे पाहतो आणि तरीही राहतो. याला निव्वळ हट्ट म्हणून चालणार नाही.

एकच पदर ओढला की काय होते

हे आजचेच नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेगची लागण आढळली. दाट वस्ती हेच रोगाचे मूळ मानून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाड्यासारख्या वस्त्यांत घरे पाडली, रुंद रस्ते काढले. रस्ते शहराच्या उपयोगी पडले यात शंका नाही. पण जितकी घरे पाडली गेली, तितकी वेळेवर बांधली गेली नाहीत. उठवलेल्या माणसांना कामाच्या जवळच राहणे भाग होते, म्हणून ती शेजारच्या गल्ल्यांत दाटली. एका गल्लीतील गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली, इतकेच.

वाहतुकीचेही तसेच. २००२ साली क्रॉफर्ड मार्केटकडून जे. जे. रुग्णालयाकडे जाणारा उड्डाणपूल खुला झाला. दूर जाणाऱ्या मोटारींची मोठी सोय झाली. पण पुलाखालच्या रस्त्यावर हातगाडी, हमाल, टेम्पो आणि पायी गिऱ्हाईक यांचा गुंता राहिलाच, कारण त्यांना पूल ओलांडून कोठे जायचेच नव्हते. त्यांचे काम खालीच होते.

कायदा क्षेत्रफळ मोजतो, बाजार जागा मोजतो

आता पुनर्विकासाकडे येऊ. सेस असलेली एकेक इमारत पाडून बांधण्याची तरतूद विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ३३(७) मध्ये आहे आणि अनेक इमारतींचा समूह एकत्र बांधण्याची तरतूद ३३(९) मध्ये. एकट्या इमारतीच्या पुनर्विकासात उंच इमारत उभी राहते, पण गल्ली तितकीच अरुंद आणि गटार तितकेच जुने. समूह पुनर्विकासात रस्ता, मलनिस्सारण, वाहनतळ यांचा एकत्र विचार होऊ शकतो. भेंडी बाजारात सैफी बुऱ्हानी ट्रस्टने २००९ पासून हाती घेतलेला प्रकल्प या दुसऱ्या प्रकारचा आहे. सुमारे साडेसोळा एकर जागा, अडीचशेच्या आसपास इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असा त्याचा पसारा आहे. दरम्यानच्या काळात रहिवाशांना माझगावसारख्या ठिकाणी हलवण्यात आले. पहिले दोन मनोरे उभे राहून तेथे कुटुंबे आणि दुकाने परतली आहेत. गाठ एकत्र सोडवण्याचा विचार म्हणून याकडे पाहावे लागेल.

परंतु योजना कोणतीही असो, दुकानदाराने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ३३(७) मध्ये व्यापारी गाळ्याला जुन्या जागेइतके क्षेत्रफळ देण्याची हमी आहे. पण ती केवळ क्षेत्रफळाची हमी आहे. दीडशे चौरस फुटांचे कोपऱ्याचे दुकान, दोन्ही रस्त्यांना उघडणारे, समोर ओटा, वर माल ठेवायला माळा, ही एक मिळकत. आणि दीडशे चौरस फुटांचाच गाळा, पण आतल्या बोळात किंवा पहिल्या मजल्यावर, माळ्याविना, ही दुसरी मिळकत. कागदावर दोन्ही सारख्याच, धंद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

शिवाय दुकान एकटे चालत नाही, ओळ चालते. टोपी घ्यायला आलेला गिऱ्हाईक शेजारी अत्तर हुंगतो, पुढे किताबाच्या दुकानात डोकावतो. चोर बाजारात मटण स्ट्रीटवर शुक्रवारी रस्त्यावर जो बाजार भरतो, त्याची जागा कोणत्याही नकाशात गाळा म्हणून दाखवलेली नसते. पण आठवड्याची कमाई त्यावर असलेले कितीतरी लोक आहेत. ओळ मोडली आणि दुकाने सोडतीने इकडेतिकडे वाटली गेली, तर प्रत्येकाला आपली जागा मिळाली तरी बाजार मिळणार नाही.

माळ्यावरचा कारागीर

दुकानदाराला निदान भाडेपावती असते. जरीकाम, चामड्याच्या पिशव्या, शिलाई, पॉलिश अशी कामे करणारा कारागीर बहुधा बिहार, उत्तर प्रदेश किंवा बंगालमधून आलेला असतो. तो कारखान्यातच काम करतो, तेथेच झोपतो. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेला नवा भाडेहक्क पुनर्विकासात धरला जात नाही. मग ज्याच्या नावे कसलाच हक्क नाही, तो तर हिशेबातच येत नाही. पण तो गेला तर दुकानात विकायचे काय? खाली शोभिवंत दुकान आणि माल बनवणारे हात भिवंडी-मुंब्र्याला, अशी फारकत झाली की वाहतुकीचा खर्च वाढतो, ऐन सणात नग वेळेवर येत नाही आणि तोच माल बाहेरून येणाऱ्या यंत्राच्या मालापुढे महाग पडतो. त्यात नव्या इमारतीचा लिफ्ट, पंप आणि देखभालीचा मासिक खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. तो आज कोणी विचारत नाही, ताबा मिळाल्यावर सगळे विचारतात.

आपल्या घरातील गाठ

सर्व दोष कायद्यावर टाकून आपली सुटका होणार नाही. कितीतरी दुकानांची पावती अजून मरहूम आजोबांच्या नावावर आहे. वारसा वाटलाच गेला नाही. भाडे कायद्याप्रमाणे भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा कुटुंबीय पुढे भाडेकरू ठरतो. असा कोणी नसेल तर वारस, आणि वारसांत एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. इकडे सूरह अन-निसाने प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरवून दिला आहे आणि त्यात बहिणीही आहेत. जोवर दुकानाचे मोल नव्हते, तोवर कोणी काही बोलले नाही. बिल्डरचा माणूस आला आणि मोल कळले की भाऊ भावाच्या समोर उभा राहतो. मग एका कुटुंबाच्या भांडणापायी सबंध इमारतीचे काम अडते आणि अडलेल्या इमारतीत सारेच धोक्यात राहतात. घरातील एक न सुटलेला हिशेब शेजाऱ्याच्या जिवावर उठू शकतो. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, हे वाचकांना सांगायला नको.

सहीपूर्वी काय करावे

आमच्या मते पुढील गोष्टी प्रत्येक गल्लीतील व्यापारी आणि कारागीर बांधवांनी आताच सुरू कराव्यात.

१) भाडेपावत्या, गुमास्ता परवाना किंवा त्याची नोंद, वीजबिले आणि जुने करारपत्र एका फाइलमध्ये लावावे. पावतीवरील नाव बदलायचे असल्यास इमारत उभी असतानाच बदलून घ्यावे.

२) सर्व वारसांनी, बहिणींसह, एकत्र बसून हिस्से ठरवावेत आणि लेखी करावेत. उधारीचा व्यवहारदेखील साक्षीदार ठेवून लिहून काढण्यास सूरह अल-बकरा (आयत २८२) सांगते, मग वडिलोपार्जित दुकानाचा व्यवहार तोंडी कसा चालेल?

३) क्षेत्रफळाबरोबर मजला, रस्त्याकडील तोंडाची रुंदी, माळा, शटर आणि ओळीतील जागा करारात नकाशासह लिहून घ्यावी.

४) तात्पुरते दुकान कोठे, किती काळ, मुदत उलटली तर दरमहा काय, हे आकड्यांत असावे. देखभाल खर्चाचा अंदाज आणि त्यासाठी ठेवायचा निधी हेही आधीच ठरावे.

५) माल चढवण्या-उतरवण्याची जागा, हातगाडीचा मार्ग आणि कारागिरांसाठी सामाईक कारखान्याचा मजला यांची मागणी इमारतीने नव्हे, सबंध गल्लीने मिळून करावी.

६) संघटनेने आपल्या ओळीची पाहणी स्वतः करावी. किती दुकाने, किती कारागीर, रोज किती गाड्या माल, किती घरांत शिलाईकाम. आपण मोजले नाही, तर दुसरा कोणी मोजणार नाही. आणि जे मोजले जात नाही, ते नकाशात येत नाही.

७) कोणतीही सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवावा. चार दुकानदारांनी मिळून वकील केला तर खर्च जड नाही.

इमारत धोकादायक ठरली असेल, तर मात्र या वाटाघाटी संपेपर्यंत तिच्यात राहू नये. आधी माणसे बाहेर काढावीत, हक्क शाबूत ठेवून. म्हाडा किंवा विकासकाकडून जागेचा आणि हक्काचा लेखी दाखला घेऊन जागा सोडावी. गेलेला जीव कोणत्याही करारात परत मिळत नाही.

मशवरा करून काम करणे हा मोमिनांचा गुण कुरआनने सांगितला आहे. आपण लग्नाची तारीख ठरवताना दहा जणांना विचारतो. ज्या जागेवर तीन पिढ्यांची रोजी उभी आहे, तिच्यासाठी जुमाच्या नमाजनंतर गल्लीतील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसणे अवघड नाही. पहिल्या बैठकीत पावत्यांची यादी झाली तरी पुष्कळ झाले.